आंबटलेला स्पूल आणि शंभर वाद्यं

गेल्या मे महिन्यात धरमपेठेतल्या मामांच्या माळ्यावरून एक पत्र्याचा डबा खाली काढला. झाकण उघडलं आणि नाकात झिणझिण्या आल्या. मामी स्वयंपाकघरातून ओरडल्या, "अरे, लोणच्याची बरणी फुटली का?" डब्यात होता एक जुना ध्वनिफितीचा स्पूल. फितीचे काठ लाटेसारखे वळले होते. हलक्या हाताने ओढली तरी ती कटकन तुटली.

तो वास अ‍ॅसिटिक आम्लाचा, म्हणजे आपल्या व्हिनेगरचा. 1960 च्या दशकापर्यंत पुष्कळशा फिती आणि चित्रपटांच्या रिळांचा पाया सेल्युलोज अ‍ॅसिटेट या प्लास्टिकचा असे. उष्णता आणि ओल मिळाली की या प्लास्टिकचे रेणू तुटू लागतात आणि त्यातून आम्ल सुटतं. ते आम्लच पुढच्या तुटण्याचा वेग वाढवतं. विरजण लागलेलं दूध जसं मधेच थांबवता येत नाही, तसंच. त्यातून चुंबकीय फितीवर लोहाच्या ऑक्साइडचा थर असतो आणि तो या प्रक्रियेला आणखी हातभार लावतो. तापमान दहा अंशांनी वाढलं की रासायनिक क्रियेचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. आता नागपूरच्या मे महिन्यातला माळा डोळ्यांसमोर आणा, आणि लगेच मागून येणारा पावसाळा. त्या स्पूलचं नशीब तिथेच ठरलं होतं.

मामांना त्या फितीपेक्षा वाईट वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. तरुणपणी त्यांनी सीताबर्डीच्या थिएटरात 'बेन-हर' पाहिला होता आणि त्यातलं संगीत त्यांच्या डोक्यातून कधी गेलंच नाही. "आता ते संगीत असंच सडलं असेल," ते म्हणाले. सडलेलं नाही. पण ते कसं टिकलं, हे सांगण्यासारखं आहे.

प्राचीन रोमच्या काळात घडणाऱ्या 1959 च्या या हॉलिवूड चित्रपटाला संगीत दिलं मूळच्या हंगेरियन मिक्लोश रोझा यांनी. तीन तासांहून जास्त संगीत त्यांनी लिहिलं, त्यातलं अडीच तासांच्या आसपास वापरलं गेलं. शंभर वादक, बारा सत्रं, सहा वाहिन्यांचं ध्वनिमुद्रण. चित्रपटाच्या अकरा ऑस्करांपैकी एक या संगीताचं. ते मूळ मुद्रण हाताशी आहे, 2012 मध्ये पाच सीडींच्या संचात ते बाहेरही आलं. तरी 2017 मध्ये प्राग शहराच्या फिलहार्मोनिक वाद्यवृंदाने आणि गायकवृंदाने, निक रेन यांच्या संचालनाखाली, तेच संगीत नव्याने वाजवून मुद्रित केलं. मूळ असताना नवीन कशाला, असं मलाही आधी वाटलं होतं.

ध्वनिफीत म्हणजे एका विशिष्ट दिवशी, विशिष्ट खोलीत हवा कशी हलली याची नोंद. स्वरलिपीचा कागद म्हणजे ती हवा पुन्हा कशी हलवायची याची कृती. फितीची प्रत काढताना तिच्यातली खरखर आणि कापला गेलेला आवाजही प्रतीत उतरतो. कागदावरून वाजवलं की सगळं पुन्हा ताजं. मात्र कागदही सांभाळावा लागतो. ज्या एमजीएम स्टुडिओने 'बेन-हर' काढला, त्याच स्टुडिओच्या संगीत ग्रंथालयातली असंख्य बाडं 1960 च्या दशकाच्या शेवटी कचऱ्यासारखी भरावात टाकली गेली. त्या स्टुडिओचे गाजलेले संगीतपट 2009 मध्ये लंडनच्या प्रॉम्स महोत्सवात वाजवायचे ठरले, तेव्हा वाद्यवृंद-संचालक जॉन विल्सन यांना उरलेली त्रोटक टिपणं समोर ठेवून, चित्रपट पुन्हा पुन्हा ऐकत, वाद्यागणिक स्वर उतरवून काढावे लागले. हे काम किती कठीण असेल याची कल्पना हवी असेल, तर एखाद्या बँडच्या गाण्यात फक्त दुसऱ्या क्रमांकाचं क्लॅरिनेट काय वाजवतंय ते लिहून बघा. मोठा आवाज शेजारच्या लहान आवाजाला झाकतो आणि कानाला तो लहान आवाज अक्षरशः ऐकूच येत नाही.

बँडवरून आठवलं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या मिरवणुकीत मी लहानपणी बँडवाल्याच्या ट्रम्पेटसमोर, हातभर अंतरावर उभा राहिलो होतो. तो हळू वाजवायचा तेव्हा आवाज गोल, मऊ. गाल फुगवून जोरात फुंकला की तोच स्वर लखलखीत, धारदार व्हायचा. नुसता मोठा नव्हे, वेगळाच. कारण नळीच्या आत आहे. जोराची ध्वनिलहर जाते तेव्हा दाबाच्या शिखराशी हवा किंचित तापते आणि शिखर दरीपेक्षा जलद पुढे सरकतं. नळीभर धावता धावता लहरीचा पुढचा भाग भिंतीसारखा उभा होतो, आणि असा उभा कडा म्हणजेच उंच कंपनांचा वर्षाव. 1996 मध्ये ट्रॉम्बोनमधली ही आघात-लहर प्रत्यक्ष मोजून दाखवण्यात आली.

रोझांचं रोम उभं राहतं ते या पितळी वाद्यांवर. आणि नेमका तोच लखलखाट मामांनी कधी ऐकला नाही. साध्या 35 मिलिमीटरच्या प्रिंटवर आवाज कडेच्या, प्रकाश पाडून वाचल्या जाणाऱ्या पट्टीत असे. त्या पट्टीची सरसर लपवण्यासाठी थिएटरं साधारण 8000 हर्ट्झच्या वरचा आवाज मुद्दाम दाबून टाकत. तरुण कान 20,000 हर्ट्झपर्यंत ऐकतो. म्हणजे तुतारीची धार गेली, झांजेची झळाळी गेली, आणि तरीही साठ वर्षं ते संगीत त्यांच्या मनात राहिलं. रोझांबद्दल मला वाटणारा आदर यामुळे दुप्पट झाला.

आणखी एक प्रश्न हमखास येतो: आता संगणक आहे, तर शंभर माणसं कशाला? एकाच व्हायोलिनचं मुद्रण वीस वेळा एकावर एक ठेवलं तर तुम्हाला एकच व्हायोलिन मोठ्याने ऐकू येईल. वीस माणसं वाजवतात तेव्हा कुणी केसभर वर, कुणी केसभर खाली, कुणी क्षणभर मागे. या बारीक फरकांनी लहरी एकमेकींत मिसळून सतत झुळझुळत राहतात. भजनी मंडळातले तीस टाळ ऐकलेत ना? सगळे अगदी एकसारखे वाजले असते तर ती गुंगी आली नसती. उलट आवाजाचा मोठेपणा माणसं वाढवून फार वाढत नाही: दहापट व्हायोलिनं बसवली तर कानाला आवाज जेमतेम दुप्पट वाटतो. पैसे मोजायचे ते झुळझुळीसाठी.

चित्रपटातली प्रसिद्ध रथांची शर्यत संगीताशिवाय आहे, फक्त टापा, चाकं आणि गर्दी. संगीताचा कस लागतो तो जहाजावरच्या वल्ह्यांच्या प्रसंगात. नगारा ठोकणारा माणूस आज्ञेसरशी वेग वाढवत जातो, वल्ही मारणारे गुलाम धापा टाकतात आणि वाद्यवृंद त्याच ठेक्याला बांधलेला. ठेका एकदम बदलला तर दोन-तीन टक्क्यांचा फरकही कान पकडतो. हळूहळू चढत गेला तर कान फसतो आणि छाती आधी धडधडू लागते. समोर पडदा नसताना, मुद्रणाच्या खोलीत बसून, ती चढण ओढाताण न होता वाजवणं हे प्रागच्या वादकांचं खरं कौशल्य.

मामांना प्रागचं ते मुद्रण ऐकवलं त्या रात्री बाहेर लू थांबली नव्हती. हॉलमध्ये कूलर सुरू होता आणि सुरुवातीचे मंद तंतुस्वर काही केल्या ऐकू येईनात. खालच्या पट्टीची घरघर वरच्या पट्टीतल्या नाजूक स्वरांना गिळते. उलट क्वचितच घडतं. मामा स्वतः उठले आणि कूलर बंद केला. मामी पदराने वारा घेत बसल्या. नगाऱ्याचा ठेका वाढायला लागला तेव्हा घामाने आमचे शर्ट पाठीला चिकटले होते. मामा खुर्चीच्या हातावर बोटाने ठेका धरत होते, आणि तुतारी वाजली तशी त्यांची बोटं थांबली. "हे नव्हतं तेव्हा," ते म्हणाले. "हे तिथे ऐकूच आलं नव्हतं."