पेओला प्रकरण

पेओला : एखादे गाणे रेडिओवर वाजावे म्हणून रेकॉर्ड कंपनीने निवेदकाला गुपचूप दिलेला पैसा, भेटवस्तू किंवा मानधनाच्या नावाखाली दिलेली रक्कम. १९५९-६० मध्ये या प्रथेवरून अमेरिकेत वादळ उठले. काँग्रेसच्या उपसमितीने चौकशी केली, कायदा बदलला आणि ॲलन फ्रीड या अतिशय लोकप्रिय निवेदकाची कारकीर्द संपली.

पैसे मोजून गाणे लोकांच्या कानांवर घालणे रेडिओपेक्षा जुने आहे. न्यूयॉर्कचे संगीत-प्रकाशक रंगमंचावरील गायकांना त्यासाठी पैसे देत असत. दुसऱ्या महायुद्धानंतर नाटके आणि मोठे कार्यक्रम टीव्हीकडे गेले, स्थानिक रेडिओ केंद्रे तबकड्यांवर चालू लागली. तबकडी निवडण्याचा अधिकार बहुतेक ठिकाणी निवेदकाकडे होता. मोठ्या कंपन्यांजवळ नामवंत गायक आणि जाहिरातीचे बळ होते. नव्या छोट्या कंपन्यांना मात्र या एका माणसाला गाठण्यावाचून फारसा मार्ग नव्हता.

फ्रीड यांनी १९५१ मध्ये क्लीव्हलँडच्या डब्ल्यूजेडब्ल्यू केंद्रावरून रात्री कृष्णवर्णीय कलाकारांचे रिदम अँड ब्लूज हे संगीत ऐकवायला सुरुवात केली. गोरी तरुण मुलेही या तबकड्या विकत घेतात, हे स्थानिक दुकानदार लिओ मिंट्झ यांनी त्यांच्या ध्यानात आणून दिले होते. २१ मार्च १९५२ रोजी क्लीव्हलँड अरीनात त्यांनी भरवलेल्या मैफिलीला क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त गर्दी लोटली, दारे मोडली आणि पोलिसांना कार्यक्रम थांबवावा लागला. १९५४ मध्ये ते न्यूयॉर्कला आले. कृष्णवर्णीयांच्या गाण्यांच्या गोऱ्या गायकांनी केलेल्या सौम्य आवृत्त्या त्या वेळी सर्रास वाजत. फ्रीड मूळ गायकाचीच तबकडी लावत, आणि या संगीताच्या इतिहासात त्यांचे मोल यासाठीच मोठे आहे. मात्र चक बेरी यांच्या ‘मेबेलीन’ (१९५५) या गाण्याचे सहलेखक म्हणून त्यांचे नाव छापले गेले आणि रॉयल्टीचा वाटा त्यांच्याकडे वळला, ही गोष्टही तितकीच खरी आहे. ज्या कलाकारांना त्यांनी पुढे आणले त्यांच्याच मिळकतीला अशी कात्री लागली, हे त्यांच्या चाहत्यांनाही नाकारता येत नाही.

१९५९ मध्ये टीव्हीवरील प्रश्नमंजूषांतील बनवाबनवी उघडकीस आली. ती चौकशी ऑरेन हॅरिस यांच्या अध्यक्षतेखालील उपसमितीकडे होती. तिने आता रेडिओकडे मोर्चा वळवला. रॉक अँड रोल या नावाने गाजत असलेल्या या संगीतावर पालक, धर्मगुरू आणि जुने गीतकार आधीच चिडलेले होते. पैसे चारल्याशिवाय असले संगीत वाजेलच कशाला, असा त्यांचा सूर होता. शिकागोच्या फिल लिंड या निवेदकाने एकाच तबकडीसाठी २२,००० डॉलर घेतल्याचे उपसमितीपुढे सांगितले. फ्रीड तेव्हा एबीसी समूहाच्या डब्ल्यूएबीसी केंद्रावर होते. नोव्हेंबर १९५९ मध्ये केंद्राने त्यांच्याकडून ‘असे पैसे कधीच घेतले नाहीत’ असे लिहून मागितले. त्यांनी सही करण्यास नकार दिला आणि त्यांना काढून टाकण्यात आले.

त्याच समूहाच्या एबीसी टीव्हीवर संगीताचा कार्यक्रम करणारे डिक क्लार्क मात्र सहीसलामत सुटले. रेकॉर्ड आणि प्रकाशन व्यवसायातील अनेक कंपन्यांत त्यांचे पैसे गुंतलेले होते. एका कंपनीतील १२५ डॉलरवर त्यांना ११,९०० डॉलर नफा झाला होता. एबीसीने सांगताच त्यांनी हे हितसंबंध सोडले. १९६० मध्ये उपसमितीसमोर ते शांतपणे बोलले आणि अध्यक्षांकडून सज्जन तरुण असे कौतुकही मिळवून गेले. रेडिओवर देखरेख ठेवणाऱ्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनचे अध्यक्ष जॉन डोअरफर यांना मात्र एका प्रसारण-मालकाच्या नौकेवरील पाहुणचार भोवला. मार्च १९६० मध्ये त्यांनी राजीनामा दिला.

१९६० च्या दुरुस्तीने पेओला हा संघीय गुन्हा ठरला : १०,००० डॉलरपर्यंत दंड आणि एक वर्षापर्यंत कैद. पैसे घेऊन गाणे वाजवण्यास मनाई नाही. ते श्रोत्यांना सांगितले पाहिजे, एवढीच अट आहे. फ्रीड यांच्यावर खटला चालला तो न्यूयॉर्क राज्याच्या व्यापारी लाचखोरीच्या कायद्याखाली. डिसेंबर १९६२ मध्ये त्यांनी दोन आरोप मान्य केले. ३०० डॉलर दंड आणि स्थगित कैद झाली. त्यानंतर करचुकवेगिरीचा आरोप आला. २० जानेवारी १९६५ रोजी वयाच्या ४३ व्या वर्षी पाम स्प्रिंग्ज येथे त्यांचे निधन झाले. १९८६ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमच्या पहिल्याच मानकऱ्यांत त्यांचा समावेश झाला.

प्रकरणानंतर केंद्रांनी गाणी निवडण्याचे काम निवेदकाकडून काढून कार्यक्रम-संचालकाकडे सोपवले, सर्वाधिक खपाच्या गाण्यांच्या ठरावीक ‘टॉप ४०’ यादीचा जम बसला आणि रात्रीच्या निवेदकाची पसंती ही गोष्ट बहुतेक केंद्रांवरून नाहीशी झाली. पैसा मात्र थांबला नाही. रेकॉर्ड कंपन्या आणि केंद्रे यांच्यामध्ये स्वतंत्र प्रचारक आले व व्यवहार त्यांच्यामार्फत होऊ लागला. २००५ मध्ये न्यूयॉर्कचे ॲटर्नी जनरल एलियट स्पिट्झर यांच्या चौकशीनंतर सोनी बीएमजी या रेकॉर्ड कंपनीने १ कोटी डॉलर भरून तडजोड केली. २००७ मध्ये चार मोठ्या रेडिओ कंपन्यांनी फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनशी समझोता करून एकूण १ कोटी २५ लाख डॉलर भरले.