राएआप्तेक

एस्टोनियाची राजधानी तालिन येथील टाउन हॉल चौकातले जुने औषधालय. नगरपरिषदेच्या दप्तरात १४२२ साली त्याच्या तिसऱ्या मालकाची नोंद आढळते, म्हणजे दुकान त्याआधीचे. त्याला सर्रास ‘युरोपातील सर्वांत जुने’ म्हटले जाते, ते खरे नाही; क्रोएशियात दुब्रोव्हनिकच्या फ्रान्सिस्कन मठातील औषधालय १३१७ चे आहे. मात्र जागा न बदलता इतका काळ चाललेली दुकाने फार थोडी.

पंधराव्या-सोळाव्या शतकांतले हे दुकान आजच्या केमिस्टपेक्षा गावच्या किराणा दुकानाच्या जवळचे होते. इथे मसाले, मिठाई, शाई, कागद, लाखेच्या कांड्या आणि बंदुकीची दारूही मिळे. मसाले घातलेली ‘क्लारेट’ ही गोड वाइन खास लोकप्रिय होती. टाउन हॉल समोरच असल्याने नगरपित्यांची ये-जा असे, आणि दुकान टिकले त्यात औषधांइतकाच या गिऱ्हाइकीचा वाटा असावा. औषधांत जाळलेल्या मधमाश्या, साळूसारख्या काटेरी हेजहॉगची राख, गांडुळे, उन्हात पांढरी पडलेली कुत्र्याची विष्ठा आणि ‘युनिकॉर्नच्या शिंगाची’ पूड असे. त्या काळच्या युरोपात यात वावगे काही नव्हते. मार्झिपॅन ही बदामाची मिठाई इथेच औषध म्हणून जन्मली, असे तालिनकर सांगतात. जर्मनीतले ल्युबेकही तोच मान मागते, तेव्हा ही आख्यायिकाच समजावी.

१५८० च्या दशकात हंगेरीच्या राज्यातून आलेल्या योहान बुर्खार्टने दुकान चालवायला घेतले. १६८९ मध्ये त्याच्या वंशजांनी ते नगरपरिषदेकडून विकत घेतले. घराण्यात अनेक पिढ्या थोरल्या मुलाचे नाव योहान ठेवण्याची आणि त्याने हाच धंदा पुढे चालवण्याची रीत होती. त्यांपैकी पाचव्या योहानला १७२५ मध्ये मरणासन्न झार पीटर द ग्रेटच्या उपचारांसाठी सेंट पीटर्सबर्गहून बोलावणे आले, पण तो पोचण्यापूर्वीच झार गेला. आठवा योहान हौशी संग्राहक होता. त्याने १८०२ मध्ये जुन्या व दुर्मीळ वस्तूंचे प्रदर्शन भरवले. त्या संग्रहातील बऱ्याच वस्तू आज एस्टोनियाच्या इतिहास संग्रहालयात आहेत. १९११ मध्ये कुटुंबाने दुकान विकले.

सोव्हिएत अमलात ते सरकारजमा झाले. दीर्घ दुरुस्तीनंतर २००३ मध्ये पुन्हा उघडले. गल्ल्यावर आता साधी आधुनिक औषधे मिळतात. शेजारच्या खोलीत जुनी उपकरणे व बरण्या मांडल्या आहेत.