पिस्तूल हाताला कसं बसत गेलं : ग्रिप आणि ट्रिगरची पार्श्वभूमी

१० मीटर एअर पिस्तुलाच्या (हवेच्या दाबाने छर्रा सोडणाऱ्या पिस्तुलाच्या) टार्गेटवर दहा गुणांचं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं असतं. पिस्तुलाच्या पुढच्या आणि मागच्या साइटमध्ये, म्हणजे नेम धरायच्या खुणांमध्ये, साधारण ३२ सेंटिमीटर अंतर. नेम धरताना पुढची साइट मागच्या खाचेत एक मिलिमीटर बाजूला गेली, की टार्गेटवर छर्रा ३१ मिलिमीटर भरकटतो आणि दहाच्या जागी सात मिळतात. अख्खा हात सरळ एक मिलिमीटर सरकला तर मात्र छर्राही तेवढाच सरकतो. म्हणजे हात थोडा डुलला तर निभावतं, मनगट मुरडलं तर निभावत नाही. मनगट मुरडण्याची नेहमीची कारणं दोन: ग्रिप, म्हणजे पिस्तुलाची मूठ, तळहातात नीट बसलेली नसते, किंवा ट्रिगर ओढताना बोट पिस्तुलाला बाजूला ढकलतं.

द्वंद्वयुद्धाच्या काळातल्या कारागिरांनाही हे ठाऊक होतं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या काही द्वंद्वपिस्तुलांना मुठीच्या वर मागे निघालेलं टोक असे. ते अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यावर टेकायचं आणि पिस्तूल हातात दर वेळी त्याच जागी बसायचं. केसाच्या धक्क्याने सुटणारा सेट ट्रिगरही तेव्हा होता. ही चैन अर्थात श्रीमंतांची. १८९६ मध्ये अथेन्सच्या पहिल्या आधुनिक ऑलिंपिकमध्ये जॉन आणि समनर या अमेरिकन पेन बंधूंनी पिस्तुलाची एकेक स्पर्धा जिंकली, ती रिव्हॉल्व्हर घेऊन.

सैन्याच्या पिस्तुलाला सगळ्यांच्या हातांत बसावं लागतं, त्यामुळे ते कुणाच्याच हातात पुरतं बसत नाही. तरी बोटाच्या लांबीची दखल सैन्यालाही घ्यावी लागली. १९२० च्या दशकात अमेरिकन सैन्याने आपलं एम १९११ पिस्तूल सुधारलं, तेव्हा ट्रिगर आखूड केला, त्यामागची चौकट दोन्ही बाजूंनी थोडी कोरली आणि मुठीची मागची बाजू फुगीर केली. लहान हाताच्या शिपायाचं बोट ट्रिगरपर्यंत नीट पोचावं, हा या खटाटोपाचा एक मोठा हेतू होता.

खरी मोकळीक मिळाली ती ५० मीटरच्या फ्री पिस्तुलाला. इथे ट्रिगरच्या वजनाला खालची मर्यादाच नव्हती, आणि ग्रिपने हाताला चहूबाजूंनी वेढलं तरी चालायचं. मनगट तेवढं मोकळं हवं. स्वित्झर्लंडच्या हॅमर्लीसारख्या कंपन्यांनी या प्रकारात कमाल केली. हात लाकडात मोजा घातल्यासारखा शिरायचा आणि ट्रिगर नुसत्या स्पर्शाने सुटायचा. याच परंपरेत पुढे इलेक्ट्रॉनिक ट्रिगर आला. मोरिनी कंपनीचं सीएम ८४ई हे त्यातलं गाजलेलं पिस्तूल. २०१६ च्या रिओ स्पर्धेनंतर ऑलिंपिकमधून हा प्रकार वगळला गेला, याची मला मनापासून खंत वाटते. आज एअर पिस्तुलात ज्या सोयी आपण गृहीत धरतो, त्यांतल्या कितीतरी तिथल्या प्रयोगांतून आल्या.

मोकळीक फार झाली की नियम आवळले जातात. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये सोव्हिएत नेमबाजांनी रॅपिड फायरसाठी, म्हणजे झटपट गोळ्या झाडायच्या प्रकारासाठी, जवळजवळ उलटं पिस्तूल आणलं. त्याची नळी हाताच्या वर न ठेवता खाली आणलेली होती, म्हणजे गोळी सुटल्यावर पिस्तूल वर उसळणार नाही. कल्पना उत्तम होती, पण नंतरच्या नियमांत ती बाद झाली. एअर पिस्तूल १९८८ मध्ये सोलला ऑलिंपिकमध्ये आलं, तेही चौकटीत बसवलेलं. आजच्या नियमांप्रमाणे ते ४२० × २०० × ५० मिलिमीटरच्या पेटीत मावलं पाहिजे, वजन १५०० ग्रॅमच्या आत हवं आणि ट्रिगर किमान ५०० ग्रॅमचा. तळव्याखालची पट्टी वर वळून हाताला कवेत घेणारी नसावी.

ट्रिगरची तपासणी बघण्यासारखी असते. पिस्तूल नळी वर करून उभं धरतात, ५०० ग्रॅमचं वजन ट्रिगरला अडकवतात आणि सावकाश उचलतात. वजन अधांतरी राहिलं पाहिजे, ट्रिगर सुटता कामा नये. पण ट्रिगर दोन टप्प्यांत ओढला जातो, आणि या ५०० ग्रॅमची त्यांत वाटणी कशी करायची ते नेमबाजाच्या हातात असतं. पहिल्या टप्प्यात ३५० आणि दुसऱ्यात १५० ठेवली, तर बोट आधीच बराचसा भार घेऊन थांबतं आणि शेवटचा दाब अगदी थोडा उरतो. नव्या मुलांना ट्रिगर हलका हवा असतो. माझ्या मते हलकेपणापेक्षा टप्पा स्पष्ट कळणं जास्त महत्त्वाचं आहे.

खानदेशाला शस्त्रं नवी नाहीत. १८२५ मध्ये ब्रिटिश अधिकारी जेम्स आउटरमने धरणगावला भिल्ल पलटण उभी केली. स्वातंत्र्यानंतर भुसावळला आणि मग वरणगावला आयुधनिर्माणी आली. वरणगावची काडतुसं देशभर जातात. मात्र हा सगळा वारसा एकाच मापाच्या शस्त्राचा आहे. इथल्या बहुतेक मुलामुलींची बंदुकीशी पहिली ओळख होते ती एनसीसीच्या कॅम्पात, पॉइंट टू टू रायफलने. पालथं पडून, कोपर जमिनीला टेकवून मारताना सगळ्यांना एक रायफल चालून जाते. एका हाताने, उभं राहून पिस्तूल धरलं की तसं चालत नाही. बारीक हाताच्या मुलीला क्लबचं मध्यम मापाचं पिस्तूल देऊन "मनगट घट्ट ठेव" सांगत राहणं हा तिच्यावर अन्याय आहे.

त्यावरचा उपाय इथल्या कुठल्याही चांगल्या सुताराला समजावून सांगता येतो. ग्रिप अक्रोडाच्या लाकडाची असो वा दुसऱ्या, पोकळी भरायला सागाचा बारीक भुसा आणि फेव्हिकॉल पुरतं, किंवा एम-सील. आधी तळव्याला खडू लावून ग्रिप धरायची. जिथे खडू उमटत नाही तिथे भरायचं, जिथे दाबून उमटतो तिथे काचपेपरने थोडं उतरवायचं. तर्जनी ट्रिगरपर्यंत जाताना वाटेत लाकडाला कुठेही घासता कामा नये. ती घासली की प्रत्येक शॉटला पिस्तूल किंचित वळतं. मूळ ग्रिप जपून ठेवून दुसरीवर काम केलेलं बरं.

आपल्याकडच्या उन्हाचाही विचार करावा लागतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या वर जातो, हात घामेजतात आणि थोडे सुजतातही. जानेवारीच्या कडाक्यात चपखल बसलेली ग्रिप मेमध्ये आवळते. म्हणून तळव्याखालची पट्टी सरकवण्यापुरती जागा राखावी आणि पॉलिश काढून लाकडाला बारीक टोचे मारून ते खरबरीत करावं. गुळगुळीत चकाकणारी ग्रिप कपाटात शोभते, पण घामाने ओल्या हातात टिकत नाही.

डावखुऱ्यांचे हाल वेगळेच. उजव्या हाताची ग्रिप डाव्या हातात धरताच येत नाही, मग मुलाला हात बदलायला लावतात. हंगेरीचा पिस्तूल नेमबाज कारोली ताकाच याने हात बदलला तो नाइलाजाने: १९३८ मध्ये हातबॉम्बच्या स्फोटात उजवा हात निकामी झाल्यावर तो डाव्याने शिकला आणि १९४८ व १९५२ अशी दोन ऑलिंपिक सुवर्णं जिंकला. ती अचाट जिद्द होती. शाळकरी मुलाकडून तिची अपेक्षा धरण्यापेक्षा क्लबने एक डावी ग्रिप मागवून ठेवावी.

आणि क्रम चुकवू नये. ग्रिप बदलली की बोटाचं ट्रिगरपर्यंतचं अंतर बदलतं. म्हणून आधी ग्रिप पक्की करायची, मग ट्रिगरची पट्टी मागेपुढे आणि थोडी तिरकी करून बोटाच्या पहिल्या पेराचा मधला भाग तिच्यावर सपाट बसतोय का ते बघायचं. टप्पे त्यानंतर जुळवायचे, आणि शेवटी वजन पुन्हा लावून बघायचं. ट्रिगर ५०० ग्रॅमच्या जरा जरी खाली भरला, तरी स्पर्धेच्या तपासणीत पिस्तूल पास होत नाही.