‘कम बिन्ह झान’ : व्हिएतनामी घरगुती जेवण देणाऱ्या खाणावळींची पार्श्वभूमी

व्हिएतनामी जेवण म्हटले की परदेशातील खवय्यांना प्रथम फो (तांदळाच्या शेवयांचे सूप) आणि बान्ह मी (भरलेला पाव) आठवतात. मात्र व्हिएतनामी घरांत रोजच्या जेवणाला यांपैकी काहीही बनत नाही. फो हा मुख्यतः सकाळी बाहेर जाऊन खाण्याचा पदार्थ आहे. घरात शिजतो तो भात, त्याच्या जोडीला नुओक माम या मासळीच्या सॉसच्या खारटपणावर मुरलेले मासळीचे किंवा डुकराच्या मांसाचे कालवण, लसणावर परतलेली नाळीची भाजी आणि ‘कान्ह’ हे पातळ सार. व्हिएतनामी भाषेत ‘कम’ म्हणजे शिजलेला भात आणि जेवणालाही तोच शब्द. त्यामुळे घरगुती चवीच्या साध्या व्हिएतनामी उपाहारगृहांचा इतिहास शोधायचा, तर तो फोच्या नव्हे, कमच्या मागाने शोधावा लागतो.

या खाणावळींना रूढ नाव आहे ‘कम बिन्ह झान’. दक्षिणेकडील उच्चारात ‘बिन्ह यान’. यातील ‘बिन्ह झान’ या शब्दाचा गुंता मोठा आहे. मुळात तो चिनी वळणाचा शब्द असून त्याचा अर्थ सामान्य जन असा होतो. १९३६ मध्ये फ्रान्समध्ये सत्तेवर आलेल्या डाव्या आघाडीच्या नावाचे व्हिएतनामीत भाषांतर करताना ‘लोक’ या अर्थी हाच शब्द योजला गेला आणि १९४५ च्या सप्टेंबरमध्ये व्हिएतनामच्या नव्या स्वतंत्र सरकारने निरक्षरता हटवण्याची मोहीम काढली तेव्हा तिच्याही नावात तो आला. म्हणजे ज्या शब्दाला राजकीय प्रतिष्ठा होती, तोच पुढे स्वस्त जेवणाचा वाचक झाला. आज कित्येक लोक त्याचा अर्थ केवळ ‘स्वस्त’ किंवा ‘कमी दर्जाचे’ असा घेतात, आणि ते अन्यायाचे आहे असे प्रस्तुत लेखकाला ठामपणे वाटते. त्यात भर म्हणजे उत्तरेत याच जेवणाला ‘कम बुई’ असेही म्हणतात. ‘बुई’ म्हणजे धूळ. रस्त्याच्या कडेला, धुळीत बसून खायचे म्हणून हे नाव पडले असे काहींचे म्हणणे. तर बेघर, भटक्या माणसांना ‘बुई दोई’, म्हणजे आयुष्याची धूळ, म्हणण्याच्या पद्धतीशी काहीजण त्याचा संबंध जोडतात. दोन्ही अर्थांत गिऱ्हाईक घराबाहेरचे आहे, ही गोष्ट महत्त्वाची.

कारण जुन्या समजुतीप्रमाणे घरचे जेवण आणि विकतचे जेवण हे परस्परविरोधी होते. ‘दुकानातला भात, बाजारातली पेज’ हा वाक्प्रचार ज्याच्या घरी चूल नीट पेटत नाही अशा माणसाविषयी वापरला जाई. भाताचा कंटाळा येऊन फोची ओढ लागणे, हा तर विवाहबाह्य संबंधांसाठीचा सर्वपरिचित संकेत आहे. त्यात भात म्हणजे पत्नी. तेव्हा घरचा भात दुकानात मांडून विकणे ही कल्पना सहज रुजण्यासारखी नव्हती.

ती रुजली याचे मोठे कारण शिधावाटपाच्या काळात सापडते. उत्तरेत ही व्यवस्था आधीपासून होती आणि १९७५ मध्ये युद्ध संपल्यानंतर ती एकत्रित देशभर पसरली. तांदूळ, मांस, कापड, रॉकेल सारे कुपनांवर मिळे. रांगेतील आपली जागा राखण्यासाठी लोक वीट ठेवून जात. तांदूळ पुरत नसल्याने भातात कसावा किंवा रताळी मिसळून शिजवावी लागत. ‘तांदळाचे पुस्तक (म्हणजे शिधापत्रिका) हरवल्यासारखा चेहरा’ ही तेव्हाची उपमा आजही बोलण्यात टिकून आहे. खाण्याची दुकाने प्रामुख्याने सरकारी होती. त्याआधी, साठच्या दशकातील युद्धकाळात, मांसाचा तुकडाही नसलेल्या फोला अमेरिकेच्या वैमानिकरहित टेहळणी विमानांवरून ‘चालकाविना फो’ म्हटले जाऊ लागले होते.

डिसेंबर १९८६ मध्ये सत्ताधारी पक्षाच्या सहाव्या अधिवेशनात ‘दोई मोई’ हे आर्थिक फेरबदलाचे धोरण स्वीकारले गेले, १९८८ मध्ये शेतीची जबाबदारी शेतकरी कुटुंबांकडे आली, आणि १९८९ मध्ये हा देश पुन्हा मोठ्या प्रमाणावर तांदूळ निर्यात करू लागला. तांदूळ मुबलक झाला, खासगी धंद्याला मुभा मिळाली आणि ज्या बाईला घरच्यांसाठी स्वयंपाक येत होता तिला भांडवल म्हणून तेवढेच पुरे झाले. घराची पुढची खोली, काचेचे कपाट, त्यात मांडलेल्या दहाबारा कालवणांच्या थाळ्या आणि गिऱ्हाइकाने बोट दाखवून निवड करायची, ही मांडणी रूढ झाली. दक्षिणेत याला ‘कम ताम’ची जोड होती: गिरणीत मोडलेली कणी, जी एकेकाळी मेकाँग नदीच्या खोऱ्यातील शेतकरी घरीच खाऊन संपवत, ती सायगॉनमध्ये (आजचे हो ची मिन्ह शहर) भाजलेल्या मांसाबरोबर आवडीने खाल्ली जाऊ लागली.

पुढच्या अडचणी पदपथावरून आल्या. २००८ मध्ये हनोईच्या प्रशासनाने अनेक रस्त्यांवर फेरीविक्रीला बंदी घातली; २०१७ मध्ये हो ची मिन्ह शहराच्या मध्यवर्ती भागात पदपथ मोकळे करण्याची मोहीम झाली, तेव्हा पुढे आलेली छपरे आणि पायऱ्याही तोडल्या गेल्या. पदपथ चालणाऱ्यांचा आहे हे खरे. परंतु त्याच पदपथावर दुपारी जेवणारा कामगारही चालणाराच असतो, याचा विचार पुरेसा झाला नाही.

दरम्यान १९७५ नंतर देश सोडून कॅलिफोर्निया, पॅरिस आणि ऑस्ट्रेलियात गेलेल्या निर्वासितांनी तेथील उपाहारगृहांत आधी फो पुढे केला, कारण तो एका वाडग्यात विकता येतो. नारळाच्या पाण्यात शिजवलेले मांस आणि अंडी, मातीच्या भांड्यातली मासळी, चिंच घातलेले आंबट सार हे पदार्थ यादीत खाली राहिले. भातासोबत वाटून खायचे जेवण एकेका माणसाला विकणे अवघड होते. अलीकडच्या काळात हनोई आणि हो ची मिन्ह शहरातील अनेक खाणावळींच्या पाट्यांवर ‘कम न्या’, म्हणजे घरचा भात, अशी अक्षरे दिसतात. हनोईतील एका उपाहारगृहाने तर शिधावाटपाच्या काळातील एनॅमलच्या ताटल्या आणि कसावा मिसळलेला भातही परत आणला असून तो खायला तरुण मंडळी पैसे मोजतात.