कोलोनोस्कोपीपूर्वीची आतड्याची सफाई: रेचकांच्या मात्रांची तुलना

कोलोनोस्कोपीआधी, म्हणजे दुर्बिणीने मोठे आतडे आतून तपासण्याआधी, ते रिकामे करण्यासाठी कोणते रेचक, किती आणि केव्हा द्यायचे, याचा विचार या तुलनेत होतो. मळ उरला की अस्तर झाकले जाते, चपटे पॉलिप (अस्तरावरच्या गाठी) नजरेतून सुटतात आणि तपासणी पुन्हा करायची वेळ येते.

तुलनेचे जुने माप म्हणजे ४ लिटर पॉलिइथिलीन ग्लायकॉल. क्षार मिसळलेले हे द्रावण १९८० च्या सुमारास आले. ते जवळपास शोषले जात नाही, शरीरातले पाणीही फारसे ओढत नाही. प्यायलेले पाणीच मळ धुऊन नेते. म्हणून मात्रा लिटरमध्ये. दर दहा-पंधरा मिनिटांनी एक पेला, असे सोळा-सतरा पेले खारट, बुळबुळीत पाणी प्यायचे. निम्म्यावरच मळमळून कित्येक जण हात टेकतात, आणि चिठ्ठीवरची मात्रा पोटात गेलीच नाही तर ती मोठी असून उपयोग काय?

पॉलिइथिलीन ग्लायकॉलच्याच २ लिटरच्या द्रावणात एस्कॉर्बिक आम्ल (क जीवनसत्त्व) भरपूर असते. त्याचा न शोषलेला भाग आतड्यात पाणी धरून ठेवतो. सोडियम पिकोसल्फेट व मॅग्नेशियम सायट्रेटच्या दोन पुड्या घेणे त्याहून सोपे. प्रत्येकीत पिकोसल्फेट १० मिलिग्रॅम असते. मात्र पुडी छोटी म्हणून वरचे पाणी टाळून चालत नाही. मूत्रपिंडे अधू असतील तर मॅग्नेशियम साचते. फॉस्फेटच्या तोंडी औषधाने मूत्रपिंडांना इजा झाल्याचे आढळल्यावर अमेरिकी औषध प्रशासनाने २००८ मध्ये कडक इशारा दिला.

खरा फरक पडतो तो वेळेने. सगळे औषध आदल्या संध्याकाळी संपवले, तर रात्रभरात लहान आतड्यातला पित्तमिश्रित स्राव उजव्या बाजूला उतरून अस्तरावर चिकट थर धरतो. निम्मी मात्रा तपासणीआधी चार ते सहा तास सुरू करून किमान दोन तास आधी संपवली, तर तो थर धुतला जातो. दोन टप्प्यांतले २ लिटर एकदम घेतलेल्या ४ लिटरच्या तोडीस तोड उतरतात ते बहुधा यामुळेच. दुपारची तपासणी असेल तर सगळी मात्रा त्याच सकाळी घेतली तरी चालते.

निकाल मोजायला बोस्टन मापनश्रेणी वापरतात. उजवा, मधला आणि डावा अशा तीन भागांना प्रत्येकी ० ते ३ गुण, एकूण ९. गुण द्यायचे ते दुर्बीण बाहेर काढताना, उरलेले पाणी शोषून घेतल्यावर. प्रत्येक भागाला किमान २ हवेत. नुसती बेरीज फसवी ठरू शकते: ३, ३ आणि ० मिळून ६ होतात, पण एक भाग दिसलेलाच नसतो.

जुनाट बद्धकोष्ठता, अफूजन्य वेदनाशामके किंवा आधीची फसलेली सफाई असेल तर कमी मात्रेवर भिस्त ठेवत नाहीत. तिथे ४ लिटर दोन टप्प्यांत, गरजेप्रमाणे बिसाकोडिल या आतड्याला चालना देणाऱ्या रेचकाच्या जोडीने देतात.