नवं किट टाकूनही पद्मिनी सेटिंगला का येत नाही

कार्बोरेटर, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणारा भाग, उघडला, दुरुस्तीचं नवं किट टाकलं, जेट फुंकून साफ केले, तरी गाडी स्लोला, म्हणजे उभ्या जागी चालू असताना, थरथरते, उचलताना झटके मारते आणि थंड इंजिनासाठी ओढलेला चोक आत ढकलला की बंद पडते, ही तक्रार जुन्या प्रीमियर पद्मिनीवाल्यांकडून सारखी ऐकू येते. दोष लगेच मेकॅनिकवर जातो आणि ते मला पटत नाही, कारण मधल्या काळात बरंच काही बदललंय.

वालचंद हिराचंद यांनी १९४४ला काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ला फियाट ११०० डिलाइट आणली, तीच १९७४ पासून पद्मिनी झाली, इंजिन १०८९ सीसीचं आणि वर सोलेक्स कंपनीचा कार्बोरेटर. त्यातला मेन जेट म्हणजे पितळेचा इवलासा तुकडा, त्याच्यावरचा आकडा भोकाचं माप सांगतो, म्हणजे १२० असेल तर साधारण १.२ मिलिमीटर. हवा जितकी खेचली जाईल त्या मानाने पेट्रोल त्या भोकातून येणार, बस. इंजेक्शनच्या गाडीत सेन्सर एक्झॉस्टमधला ऑक्सिजन बघतो आणि कॉम्प्युटर पेट्रोल कमीजास्त करतो, इथे ते काम जेटच्या मापावरच सोडलेलं आहे आणि ते माप तेव्हाच्या पेट्रोलवर ठरलंय.

ते पेट्रोल आता पंपावर मिळतच नाही. आधी शिसं गेलं, १९९५ला चार महानगरांपासून सुरुवात होऊन २००० पर्यंत देशभरातून. मग इथेनॉल आलं, आणि त्याच्या पहिल्या चाचण्यांपैकी दोन महाराष्ट्रातच झाल्या, २००१ला मिरज आणि मनमाडला. २००३ पासून ५ टक्के मिसळायला सुरुवात झाली, २०२२ला १० टक्क्यांवर गेलं आणि आता २० टक्के. इथेनॉलमध्ये स्वतःचाच ऑक्सिजन असतो, त्यामुळे तेवढ्याच हवेला इंधन जास्त लागतं, २० टक्क्यांवर साधारण ७-८ टक्के जास्त. भोक तेच राहिलं की मिक्श्चर लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, आणि ते झटके मुख्यतः त्याचेच. शिवाय इथेनॉल टाकीतला जुना चिकट थर सोडवतं, तो येऊन नुकताच साफ केलेला जेट परत भरतो, आणि जुन्या रबराचा डायफ्राम, म्हणजे पेट्रोल ढकलणारा पडदा, फुगतो तो वेगळाच.

दुसरं नुकसान हाताच्या कसबाचं झालं. मुंबईच्या टॅक्सी कोर्टाच्या आदेशानंतर सीएनजीवर गेल्या, म्हणजे जिथे पेट्रोलचा सोलेक्स रोज उघडला जायचा तिथे तो उघडायचं कारणच उरलं नाही, आणि ऑक्टोबर २०२३ला पद्मिनी टॅक्सीच रस्त्यावरून गेली. कानाने स्लो लावणारी माणसं त्याआधीच कमी झाली होती, ही मोठी हानी आहे असं मला मनापासून वाटतं.

म्हणून जेटला हात लावायच्या आधी थ्रॉटलचा, म्हणजे हवेच्या झडपेचा, दांडा धरून वरखाली हलवून बघा, तो ढिला असेल तर तिथून हवा खेचली जाते आणि बाजारातलं कुठलंही किट ते भरून काढत नाही, दांड्याभोवती बुश टाकावाच लागतो. ठिणगीचे पॉइंट आणि ठिणगीचं टायमिंगही आधीच बघून घ्या. मग इंजिन गरम करून मिक्श्चरचा स्क्रू हळूहळू आत घ्या, पूर्ण आत गेला तरी इंजिन आरामात चालत राहिलं तर थ्रॉटल जास्त उघडा आहे, नाहीतर पेट्रोल दुसरीकडून येतंय, आणि बाहेर काढत नेल्यावरच इंजिन सुधारत असेल तर गाडी लीन आहे. मेन जेट एक पायरी मोठा टाकायचा विचार त्याच्यानंतरचा, तोही लांबचा रस्ता मारून स्पार्क प्लग पांढरे आले तरच. जुनं भोक ड्रिलने वाढवू नका, मूळ जेट परत मिळणं अवघड आहे.