महाशीर संवर्धन

महाशीर संवर्धन : दख्खन व सह्याद्रीतील नद्यांमधला महाशीर हा मोठा मासा नामशेष होऊ नये म्हणून कृत्रिम प्रजनन, बोटुकल्यांची (बोटाएवढ्या पिल्लांची) सोडणूक आणि डोहांचे रक्षण या मार्गांनी चाललेले काम. महाशीर सायप्रिनिडी कुलातील टॉर प्रजातीत (जवळच्या अनेक जातींच्या गटात) मोडतात.

‘महाशीर’ या शब्दाच्या व्युत्पत्तीवर एकमत नाही. काही जण मोठ्या डोक्यावरून ‘महाशिर’ सुचवतात, काही फार्सी ‘माही’ (मासा) व ‘शेर’ यांची जोड लावतात, तर काही संस्कृत ‘महाशल्क’ म्हणजे मोठ्या खवल्यांचा, असा अर्थ घेतात. जून माशाचे एकच खवले जवळपास तळहात झाकते. ते पाहता तिसरे मत अधिक सयुक्तिक वाटते.

शास्त्रीय नावांचा गुंता याहून अवघड असून संवर्धनावर त्याचा थेट परिणाम झाला. ब्रिटिश लष्करी अधिकारी व निसर्ग-अभ्यासक विल्यम हेन्री साइक्स यांनी १८३९ मध्ये पुणे परिसरातील मुळा-मुठेच्या पाण्यातून ‘खुद्री’ ही जाती नोंदवली. हाच आजचा दख्खनी किंवा निळ्या परांचा महाशीर, टॉर खुद्री. जातिनाम स्थानिक बोलीतून घेतले असावे. त्याच वेळी साइक्स यांनी ‘मुसुल्ला’ अशी आणखी एक जाती वर्णिली. कावेरीतील वशिंड असलेल्या प्रचंड महाशीराला पुढे दीर्घकाळ हेच नाव चिकटवले गेले. अलीकडच्या अभ्यासानुसार मुसुल्ला हा टॉर नसून हिप्सेलोबार्बस प्रजातीतील मासा आहे, आणि हे मत ग्राह्य धरायला हवे. परिणामी कावेरीचा महाशीर शास्त्राच्या दृष्टीने निनावी उरला. कावेरी खोऱ्यातीलच, केरळातील पांबार नदीतून वर्णिलेली टॉर रेमादेवी ही जाती म्हणजेच तो मासा, हे २०१८ मध्ये सिद्ध झाले आणि त्याच वर्षी आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत त्याची नोंद ‘अतिसंकटग्रस्त’ म्हणून झाली.

धरणांनी अडलेले स्थलांतर, वाळूउपसा, सांडपाणी आणि सुरुंग लावून केलेली मासेमारी ही ऱ्हासाची मुख्य कारणे होत.

कृत्रिम प्रजननाचे पायाभूत काम लोणावळ्यात टाटा वीज कंपनीच्या वळवण येथील केंद्रात १९७० च्या आसपास सुरू झाले. त्यात चं. वि. कुलकर्णी व एस. एन. ओगले यांचा वाटा मोठा आहे. पावसाळ्यात पक्व मादी जाळ्यात घेऊन तिचे पोट हलक्या हाताने दाबले जाते. अंडी कोरड्या भांड्यात पडतात, त्यावर नराचे शुक्रद्रव्य घेऊन पिसाने ते अलगद मिसळतात आणि मगच पाणी घालतात. रोहू-कटल्याच्या मानाने अंडी कमी, पण मोठी व पिवळसर सोनेरी असतात. ती उथळ तबकांत वाहत्या पाण्याखाली ठेवतात. मेलेले अंडे पांढरे पडते. ते वेळीच वेचले नाही तर बुरशी शेजारच्या अंड्यांवर पसरते, म्हणून हे काम सतत नजर ठेवून करावे लागते. साधारण तीन-चार दिवसांत पिल्ले बाहेर येतात. पुढचे काही दिवस ती उजेड टाळून तबकाच्या कोपऱ्यात डोकी खाली खुपसून दाटीने पडून राहतात. या काळात नदीत सोडली तर ती सहज भक्ष्य होतात. त्यामुळे बोटुकली होईपर्यंत ती सांभाळणे हे या पद्धतीचे खरे बलस्थान आहे.

टॉर खुद्रीची बोटुकली देशातील अनेक जलाशयांत सोडली गेली. त्याच यादीत ही जाती पूर्वी ‘संकटग्रस्त’ गणली जाई, आता ती ‘किमान चिंता’ वर्गात आहे. मात्र कावेरीत १९७० च्या दशकापासून सोडलेली खुद्री तिथे मूळची नव्हती. गळ टाकणाऱ्यांच्या नोंदींत पुढे तिचे प्रमाण वाढत गेले आणि वशिंडवाला महाशीर दुर्मीळ झाला. याच माशाचा १९४६ मध्ये कावेरीची उपनदी काबिनीत गळाला लागलेला १२० पौंडांचा नमुना विक्रमी मानला जातो. ज्या नदीचा मासा त्याच नदीत, हे पथ्य तेव्हा पाळले जायला हवे होते. टॉर रेमादेवीचे खात्रीचे नमुने आता प्रामुख्याने कावेरी खोऱ्यातील मोयार नदीतून मिळाले आहेत.

देवस्थानांचे डोह ही कृत्रिम प्रजननाहून जुनी संवर्धनपद्धती. रायगड जिल्ह्यात महाडजवळ काळ नदीवरील वाळणकोंडीत वरदायिनी देवीचे म्हणून महाशीर पकडले जात नाहीत. भाविकांनी टाकलेल्या खाद्यावर ते काठाशी झुंडीने येतात.